दुसरी चादर

गुलबर्ग्याच्या त्या मोहल्ल्यात मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालावी ती खैरूनखालानेच. एकतीस वर्षं झाली. हात हलका आणि तोंडाला कुलूप. मय्यतीच्या अंगावर जे दिसेल ते झाकायचं, हा तिच्या आईने घालून दिलेला नेम. बायका चिडवायच्या, "खाला, एवढं साठवून पोट फुगत नाही का तुमचं?"

त्या दिवशी सफूरा टीचर गेल्या. वय बासष्ट, लग्न केलं नव्हतं. पाणी ओतायला भावजय नफीसा उभी राहिली. घरचीच बाई, तिला नको कसं म्हणणार? पण नफीसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

हाताला फडकं गुंडाळून खालाने चादरीखालून टीचरचं पोट हलकेच दाबलं. बेंबीखाली टाक्यांचा जुना, जाड वण. सिझेरियनचा. अशी शेकडो पोटं तिच्या हाताखालून गेली होती, चूक होणं शक्य नव्हतं. वरची चादर पांढरी, पातळ. आणखी एक तांब्या पडला की ती अंगाला चिकटणार आणि वण दिसणार. टीचरनी जन्मभर जपलेलं संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार.

"थांब. दुसरी चादर आण. जाड बघ, गडद."

"ही आहे की."

"माझी रीत आहे."

"सासूबाईंच्या वेळी तर एकच होती."

खालाने तळहात वणावर तसाच दाबून धरला. नफीसा तांब्या घेऊन तिच्या हाताकडे बघत राहिली. शेवटी ती फणकाऱ्याने जाऊन निळी चादर घेऊन आली.

जनाजा उठल्यावर नफीसाने तिला जिन्यापाशी गाठलं. "रायचूरच्या बदलीहून आल्या तेव्हापासून त्या वेगळ्याच झाल्या होत्या. खरं सांगा, हाताला काय लागलं?"

"साबण."

"मी कुणाला बोलणार नाही, खाला."

"साबणाचं कुणाला बोलशील तरी काय?"

नफीसाचा चेहरा उतरला. तिने मागे वळून नवरा जवळपास नाही ना ते पाहिलं आणि मनगटावरच्या काळ्यानिळ्या वळांवर कुर्त्याची बाही ओढून घेतली.

"माझ्या वेळी तुम्हीच या," ती हळूच म्हणाली. "आणि दोन चादरी घ्या."

नफीसा पंचेचाळिशीची, खाला सत्तरीला टेकलेली. "येईन," खाला म्हणाली आणि तिची बाही आणखी बोटभर खाली ओढून दिली.