पाच हजार एकोणचाळीस

बटणांच्या कारखान्यात तिला सगळे 'निःशेष बाई' म्हणत. ऑर्डरची चिठ्ठी हातात पडली की कार्डावर किती बटणं, पेटीत किती कार्डं आणि एकूण पेट्या किती, हे ती उभ्याउभ्या सांगे. शेवटी एक जरी बटण उरलं तरी तिला खपत नसे. पाच हजार चाळीस हा तिचा लाडका आकडा. एकापासून दहापर्यंत कशानेही भागा, निमूट भागला जातो. "गुणी आहे, कुणाला नाही म्हणत नाही," असं कौतुक तिने पोटच्या पोरांचंही कधी केलं नाही.

नवरा शिंपी. मापाची टेप सोडली तर गणिताशी त्याचा छत्तीसचा आकडा.

पासष्टाव्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली. हात आज ना उद्या हलेल, पण डोक्यातले भागाकार गेले असतील तर आपली बायको उरली कुठे, या विचाराने शिंप्याला झोप लागेना. एक दिवस त्याने तिच्या मांडीवर पाटी ठेवली आणि पाच हजार चाळीस लिहिलं. डाव्या हाताने तिने वेडंवाकडं उतरवलं: बारा बटणं, वीस कार्डं, एकवीस पेट्या. त्याचा जीव भांड्यात पडला, पण रात्रभरच. हे तर तिला पाठच असणार. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने शहाणपणा करून एक कमी केला. एका बटणाने असं काय बिघडतं?

सकाळी दहाला ती बसली. तीनने भागून पाहिलं, सातने, अकराने. लिहायची, पुसायची. दुपार कलली तरी उत्तर नाही. शिंपी मशीनवरून चोरून बघत होता आणि एकाच बाहीवर दोनदा टीप मारत होता. चारला त्याला बघवेना.

"राहू दे गं आता," म्हणत त्याने पाटीला हात घातला. तिने पाटी सोडली नाही.

साडेपाचला तिने हाक मारली. "अहो, याचे भाग पडत नाहीत."

"नाही पडत?"

"सदुसष्टपर्यंत पाहिलं. सगळीकडे बाकी उरते. मधल्यांचे भाग आधीच पाहिलेत, पुढचा एकाहत्तर. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर पाच हजार एक्केचाळीस, म्हणजे आकडाच ओलांडला. तिथं थांबायचं. हा फक्त एकाने आणि स्वतःनेच भागला जातो." शब्द अडखळत आले, पण एकही चुकला नाही.

शिंपी सरळ रडला.

तिने त्याला पोटभर रडू दिलं. मग विचारलं, "चार वाजता पाटी घ्यायला आलात. मी संपले असंच वाटलं ना?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण जमलं नाही. "हो."

"मग उद्या याहून मोठा आकडा द्या," ती म्हणाली. "आणि कितीही वेळ लागला तरी मध्ये उठवायचं नाही."