खटक्यातला पुठ्ठा

पूल ओलांडून आम्ही दोघं चढाला लागलो तेव्हा धाप मलाच लागली. दादा चार पावलं पुढे. गाडी करू या म्हटलं तर खेकसला, "आजाऱ्यासारखं वागवू नकोस. पाय शाबूत आहेत अजून."

दादा माझा थोरला भाऊ. लष्करात रडार दुरुस्त करायचा. आता रक्ताचा कॅन्सर झालाय. आजार नोकरीमुळे जडला हे मानायला लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने त्याच दुपारी नकार दिला होता. तिथूनच आम्ही परतत होतो. कारण काय, तर रडारच्या कपाटाचं दार उघडलं की खटका पडतो, यंत्र बंद होतं. मग आतले घातक किरण अंगाला लागतील कसे?

"बंद यंत्रातला बिघाड यांच्या बापाला सापडेल का?" दादा म्हणाला. "आम्ही खटक्यात पुठ्ठा खोचायचो, म्हणजे दार उघडं ठेवूनही यंत्र चालू. सिगारेट साहेबांची, पाकिटाचा पुठ्ठा आमचा."

"साहेबांना माहीत होतं?"

"अगं, पाकीट तेच पुढे करायचे! 'रडार बंद पडता कामा नये' म्हणत मानगुटीवर उभे."

आणि मंडळाने विचारलं तेव्हा हेच साहेब म्हणाले, "आठवत नाही."

त्या कपाटात प्रचंड दाबाच्या विजेवर चालणाऱ्या नळ्या. त्यांतून एक्स-रे निघतात, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. दवाखान्यात आपला एक फोटो काढायचा तर काढणारा भिंतीआड जातो. दादा वर्षानुवर्षं उघड्या कपाटात मान घालून बसला! रोग त्यानेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, हे मलाही कळतं. पण त्याने झालाच नाही, हे यांनी कशाच्या जोरावर ठरवलं? वर ऐकवलं काय, तर "पुठ्ठा खोचलात, म्हणजे नियम तुम्हीच मोडलात." चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी मनात नामस्मरण करत होते, पण जिभेवर शिव्याच येत होत्या.

चढ संपला. त्याला धीर द्यावा म्हणून सवयीने बोलून गेले, "देवाच्या मनात असेल तसं होईल, दादा."

तो थांबला. रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

"देवाला कशाला गोवतेस? त्याने काय केलंय? माझं एक काम कर, चिमे. मी गेल्यावर माणसं भेटायला येतील, देवाची इच्छा म्हणतील. तू देवाधर्माची, तुझं ऐकतील. कुणाला तसं म्हणू देऊ नकोस. नोकरीपायी गेला, असं सांग."