हवापालटाचा फोटो

साहेबाच्या बोटीवर वीस वर्षं बबर्चीगिरी करून ताजुद्दीन आगरदांड्याला परतला, तो एकच खूळ डोक्यात घेऊन. त्याला पाहुणे हवे होते. आणि तेही मुंबईचे, हातात छत्री, चहात बिस्कीट बुडवून खाणारे. त्यांनी आपल्या बंगल्यात उतरावं, समुद्राची हवा खावी आणि निघताना 'येतो हं, ताजुद्दीनशेठ' म्हणावं. मुंबईवाल्यांनी शेठ म्हटलं की गावालाही म्हणावंच लागेल, असं त्याचं गणित. तोवर गाव त्याला ताजू बबर्ची म्हणे, आणि तेही तोंडावर.

एकतीस साली बंगला उभा राहिला. ऐसपैस व्हरांडा, पुढ्यात खाडी. पावसाळा गेला, दिवाळी गेली. व्हरांड्यात पाहुणे म्हणून कावळे तेवढे आले. तेव्हा ताजुद्दीननं गिरगावातून दत्तात्रेय फोटोग्राफरला बोलावलं. फोटो त्याच्या दुकानाच्या काचेत लावायचा, बघून माणसं येतील.

"रिकामा बंगला भुताचा दिसतो," दत्तात्रेय कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवत म्हणाला. "चार माणसं बसवा."

चार माणसं मिळायला कितीसा वेळ? वाणी शिवदास, भातशेती करणारा येसाजी, आणखी दोघं रिकामटेकडे, सगळे उसन्या कोटांत आरामखुर्च्यांवर बसले. आता इथंच ताजुद्दीनची हुशारी आडवी आली. बोटीवर पहिल्या वर्गाचे साहेब डेकवर गुडघ्यांवर कांबळी टाकून पडायचे, हे त्यानं पाहिलेलं. थाट म्हणजे तोच. त्यानं चौघांच्या गुडघ्यांवर कांबळी घातली, नीट खोचली.

"मी तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही," दत्तात्रेय काळ्या कापडात शिरत म्हणाला.

येसाजी ओठ न हलवता शेजारच्या शिवदासला पुटपुटला, "शेट, हे बाळंतिणीगत का गुंडाळलंय आपल्याला?"

शिवदासला हसू आवरेना. त्यानं रुमाल तोंडात कोंबला, डोळे मिटले आणि खांदे वर ओढले. तेवढ्यात तीन झाले.

फोटो गिरगावात लागला. खाली दत्तात्रेयनं झोकात लिहिलं : 'समुद्रकाठी हवापालटाची उत्तम सोय'. आता हवापालट हा शब्द डॉक्टर कधी वापरत, तर क्षयाचं नाव घ्यायचं नसलं की. वर चार वाळकी माणसं, कांबळ्यांत गुंडाळलेली, एक रुमालात खोकतोय. मुंबईला आणखी काय समजावं?

पहिला पाहुणा आला परळचा एक कारकून, सोबत पिकदाणी. व्हरांडा चढायला तीनदा थांबला.

"डॉक्टरांनी तुमचा फोटो बघूनच पाठवलं," तो धापा टाकत म्हणाला. "तो रुमालवाला गृहस्थ आहे का हो अजून?"

ताजुद्दीननं धक्क्याकडं नजर टाकली. पण आगबोट निघून गेली होती, माणसाला परत धाडायचं कुठं? शिवदासला मात्र कळायला वेळ लागला नाही. दुकानात मीठ तोलतातोलता तो गिऱ्हाइकांना खोकून दाखवी आणि म्हणे, "आहे बरं का, मी अजून आहे."

कारकुनामागोमाग दुसरा आला, तिसरा आला. बंगला भरला! ताजुद्दीनची बायको अतिया चादरी उकळायला लागली, तशा बाया तिची कळशी दिसली की विहिरीवरून उठून जायला लागल्या. एके दिवशी तिनं ट्रंक भरली, मुलीचा हात धरला.

"तळा गावी भावाकडं जाते," ती म्हणाली. "या घरातली पोर कोण करून नेईल?"

ताजुद्दीननं पुन्हा दत्तात्रेयला बोलावलं. नवा फोटो, हसऱ्या माणसांचा. खुर्च्यांत बसायला माणसं शोधत दारोदार फिरला बिचारा.

"न्हाय बा," येसाजी म्हणाला. "त्या खुर्चीत बसलेलं मानूस उठत न्हाय म्हंत्यात."

"मी बसतो की," शिवदास म्हणाला. "फक्त सांग, रुमाल घेऊन बसू का बिनरुमालाचा?"

शेवटी ताजुद्दीन एकटाच बसला. कांबळं नाही, काही नाही. तीन होईपर्यंत सगळे दात दाखवून हसत राहिला. दत्तात्रेयनं तो फोटो जुन्याच्या शेजारीच लावला. गिरगावकर एकदा इकडं बघत, एकदा तिकडं.

"चौघं गेले वाटतं," एकजण म्हणाला.

"हाही काही फार दिवसांचा दिसत नाही," दुसरा म्हणाला. "दातच उरलेत नुसते."

ताजुद्दीननं निरोप धाडला, दोन्ही फोटो उतरव. दत्तात्रेयनं उलट कळवलं की काचेपुढं गर्दी होते, दुकानाला बरं असतं, राहू देत.

पुढच्या आगबोटीनं आणखी एक आजारी उतरला. त्याच्या वळकटीला हात लावायला एकही हमाल पुढं येईना. ताजुद्दीननं ती डोक्यावर घेतली आणि चालू लागला. मागून खोकत खोकत तो माणूस विचारता झाला, "काय रे, बंगल्याचे शेठ कुठं भेटतील?"

"बंगल्यावर," ताजुद्दीन म्हणाला.