बिनकामाची फुलं

निवृत्त झालेला नवरा घरात ठेवायचा कुठे, हे कोणी सांगत नाही. आमचे हे आर्वीच्या कचेरीतून निवृत्त होऊन नाचणगावला घरी आले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. कणीक सैल झाली, फोडणी करपली, गॅस मोठा आहे. आठ दिवसांत माझं डोकं फिरलं. घरामागच्या सांदवाडीत दोडक्याच्या चार बिया टोचल्या, बांबू आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव घालून घेतला आणि ह्यांना म्हटलं, "घ्या, हा विभाग आता तुमचा."

विभाग त्यांनी मन लावून चालवला. वेल माजला, शेजारणीच्या टिनाच्या छपरावर चढला. पिवळी फुलं लागली तसं मला हाक मारून विचारलं, "यातले ठेवू कोणते?"

मी दळण घेऊन निघाले होते, घाईत होते. म्हटलं, "ज्याच्या मांगं बोटाएवढं दोडकं दिसते ते ठेवा. बाकीचे बिनकामाचे, तोडा."

जन्मभर नोकरी केलेला माणूस. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फुलं उमलली की हे टोपली घेऊन मांडवाखाली जायचे आणि बिनकामाची फुलं एकूण एक खुडायचे. माणूस बाहेर आहे ना, बस्स, म्हणून मी खुशीत होते. फुलांकडे पाहतंय कोण!

दोडकं मात्र एक धरेना. बोटाएवढी व्हायची, पिवळी पडायची, गळायची. ह्यांनी शेणखत घातलं, राख टाकली, ताक शिंपडलं. मग हळूहळू त्यांचं बोलणंच आटलं. एकदा पायरीवर बसून म्हणाले, "खुर्चीवरून उठलो अन् हाताचा गुणच गेला वो. साधं दोडकं लागत नाई मले."

टोचून बोलणारा नवरा परवडला, हा असा नको.

दुसऱ्या दिवशी शेजारीण ताक न्यायला आली. मांडवाखाली खुडलेल्या फुलांचा ढीग पाहून आधी तिला कळेना, मग कळलं तशी ती पोट धरून हसायला लागली. "अवो भाऊजी, नर फुलं सारे तोडून राह्यले तं दोडके काय हवेतून येतीन?"

ह्यांचे कान लाल झाले. संध्याकाळच्या भजनात ही गोष्ट टाळांच्या आधी वाजणार, हे मला ठाऊक होतं. गप्प बसता आलं असतं. आमच्या घरात चुका करायचं खातं पहिल्यापासून ह्यांच्याकडेच आहे. पण मी शेतकऱ्याची पोर. नर फूल आणि मादी फूल मला लहानपणापासून कळतं. आणि मी ह्यांना तोडा म्हणून सांगितलं होतं.

"त्याईले काऊन हासता बाई?" मी म्हटलं. "म्याच सांगतलं होतं तोडा म्हणून. चुकलं माहं."

हे माझ्याकडे पाहतच राहिले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. मग उठून आत गेले, वही आणि पेन घेऊन आले, माझ्यापुढे धरलं.

"लिहून दे," म्हणाले. "अन् खाली सही करजो."