बासियानोच्या चेहऱ्याचा संत

आमच्या क्रेमा गावात बासियानो दोर वळायचा. दोर वळणारा दिवसभर उलटा चालतो, म्हणून त्याच्या मांड्या खांबासारख्या भक्कम. चित्रकार तेबाल्दो देवळासाठी संत रोक्को रंगवायला आला आणि संत म्हणून समोर उभा करायला त्याने नेमका बासियानोलाच हेरला.

"नवरीसारखा लाजतोस काय? झगा वर घे! मांडीवर प्लेगची गाठ दिसली नाही तर लोक रोक्कोला ओळखणार कसे?"

चित्रात रोक्कोच्या हातात यात्रेकरूची काठी, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. आमच्याकडे वाचता कुणाला येतंय? या खुणांवरूनच संत ओळखायचे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता रोक्कोला स्वतःलाच गाठ आली, तेव्हा या कुत्र्याने त्याला रानात पाव नेऊन जगवलं.

बासियानोला नाही म्हणता आलं नाही. कारण विचारलं असतं, तर सांगावं लागलं असतं. पाच वर्षांपूर्वीच्या साथीत थोरली बहीण ओर्सोलिना तापली, तेव्हा उंबऱ्यावर पाण्याचा घडा ठेवून तो मामाच्या गावी पळाला होता. समोरच्या विधवा याकोमाने लांब काठीच्या टोकाला पाव बांधून खिडकीतून दिला, म्हणून ओर्सोलिना जगली. तो परतला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आलास? हात धू." पुन्हा त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत.

चित्र लागलं त्या रविवारी ओर्सोलिना मेणबत्ती घेऊन त्याच्यापुढे गुडघे टेकायला गेली. बासियानोने तिचा दंड धरला.

"ताई, नको. त्या तोंडाला हात जोडू नकोस."

"मी रोक्कोला जोडतेय. तुला कोण जोडतंय, मेल्या?"

बायका खुदकन हसल्या. पण त्याचा बांध फुटला. "त्या कुत्र्याने तरी पाव नेला, ताई! मी तेवढंही केलं नाही. तुला मरायला टाकून पळालो."

ओर्सोलिनाचा चेहरा लाल झाला. "हे इथं बोलायचं होतं? चारचौघांत? घरात पाच वर्षं तोंडाला कुलूप होतं तुझ्या?"

ती तरातरा निघून गेली. चेहरा बदला म्हणून त्याने तेबाल्दोचे पाय धरले. तेबाल्दो म्हणाला, "संताला तोंड कुणाचं तरी लागतंच. निर्दोष माणूस कुठून आणू?"

चित्र तसंच राहिलं. बासियानो देवळात खांबाआड उभा राहू लागला.

चित्र लागलं त्याच रविवारी संध्याकाळी घरी मात्र त्याने मान खाली घालून विचारलं, "ताई, ते दिवस कसे काढलेस?"

तिने सोलायच्या अर्ध्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या. मग सांगू लागली.