बिननावाचं पोतं

कर्जत, भिसेगाव आणि खालापूर अशी आमची किराण्याची तीन दुकानं. हायवेला मोठा मार्ट उघडला तेव्हा नवऱ्याची झोप उडाली. आपलंही नाव झालं पाहिजे म्हणून त्याने तांदळासाठी पिशव्या छापून घेतल्या. त्यांवर दुकानाचं नाव एवढं मोठं, की आंधळ्यालाही वाचता यावं.

तेल, साबण, डाळ नेहमीसारखं खपत होतं. खालापुरात तांदूळ मात्र पडून राहायला लागला. असंच चाललं तर खालापूरचं दुकान बंद करू, असं नवरा म्हणायला लागला. माझं माहेर तिथून जवळ. त्या दुकानात माझा जीव होता, म्हणून मी स्वतः गल्ल्यावर जाऊन बसले.

एकदा एक बाई तांदूळ घेऊन बाहेर पडली आणि दुकानाच्या आडोशाला जाऊन छापील पिशवीतला तांदूळ घरच्या पोत्यात ओतायला लागली. मी जवळ जाऊन विचारलं, तर आधी लाजली. मग म्हणाली, "नाव बगितलं की लोकं इचारतात, शेती इकली काय? आमी कधी तांदूळ इकत घेतलेला नाय गं."

मी शेतकऱ्याचीच लेक, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. भात पिकवणाऱ्या घराने तांदूळ विकत आणणं म्हणजे आमच्याकडे खाली मान घालायची गोष्ट. नवऱ्याला समजावताना नाकी नऊ आले. शेवटी तांदूळ साध्या पोत्यात, बिननावाचा द्यायचं ठरलं. पोत्याचं तोंड मी आणलेल्या पिवळ्या दोऱ्याने शिवायचं. मार्टमध्ये सगळ्यावर नाव, आमच्याकडे तांदळावर नाही. हळूहळू खालापूरचा तांदूळ खपायला लागला, आणि दुकान बंद करायची भाषाही थांबली. मी घरी थोडं मिरवूनही घेतलं.

दिवाळीनंतर दादा आला. दरवर्षी भाताची झोडणी झाली की माझा मोठा भाऊ शेतातल्या तांदळाचं पोतं घेऊन येतो, तसंच यंदाही आणलं. चहा झाला, गप्पा झाल्या. भात टाकावा म्हणून मी पोतं उघडायला गेले.

तोंडाला पिवळा दोरा होता.

मला रडू आलं. पाठमोरीच राहून मी शिवण उसवली आणि तांदूळ ओंजळीत घेतला. यंदाचा नवा नव्हे, जुना तांदूळ, आमच्याच दुकानातला. शेत गेलं होतं, आणि त्याने मला सांगितलं नव्हतं.

"बरा हाय ना गं, बाय?" दादाने विचारलं.

"आपल्या शेताचा तांदूळ, बरा नसंल तर काय," मी म्हटलं.

तो दोन वेळा भात मागून जेवला.

दुसऱ्या दिवशी मी खालापूरला जाऊन पिवळा दोरा बंद केला. आता पोती सुतळीने शिवतो, कुठल्याही घरात असते तसल्या.