परगावी गेलेली माणसं

ताईंच्या हाताखालून अकरा वर्षांत एकशे चौदा स्वयंसेवक गेले, पण सोडून असा एकही गेला नाही. सगळे परगावी गेले. निदान ताई तरी असंच सांगत.

औषधाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत त्यांची संस्था होती. गरजूंना चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या वापरायला द्यायच्या, एवढंच तिचं मूळ काम. ताई तिथे टायपिंगला लागल्या तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. रोज दुपारी तीनच्या सुमाराला एका आजोबांचा फोन यायचा. विचारायचे, "किती वाजले हो?" ताई वेळ सांगायच्या. "आभारी आहे," म्हणून ते फोन ठेवायचे. महिनाभर असं चाललं. मग कुबडी पोचवायच्या निमित्ताने ताई त्यांच्या घरी गेल्या, तर भिंतीवर एक, टेबलावर एक आणि मनगटावर एक अशी तीन घड्याळं, तिन्ही बिनचूक चालणारी.

'तासभर सोबत' हा उपक्रम त्या तीन घड्याळांतून निघाला. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एका स्वयंसेवकाने जाऊन तासभर बसायचं. औषध नको, मदत नको, नुसतं बसायचं. नव्या स्वयंसेवकांना ताई शनिवारी तयार करत. त्यांचे नियम दोनच. तिथे असताना घड्याळाकडे बघायचं नाही. आणि 'काही लागलं तर सांगा' असं म्हणायचं नाही, कारण म्हातारी माणसं सांगत नाहीत. काय लागतंय ते आपणच बघायचं.

स्वयंसेवकांची जात ताईंना पाठ झाली होती. पहिल्या महिन्यात तो आजोबांचे पंखे पुसायलाही तयार असतो. दुसऱ्यात वेळेवर येतो. तिसऱ्यात 'ताई, पुढच्या आठवड्यात दोनदा जाईन' म्हणतो. चौथ्यात त्याचा फोन लागत नाही. कुणाची परीक्षा, कुणाची बदली, कुणाला बाळ झालेलं. एका मुलीने तेवढं खरं सांगितलं होतं: "ताई, तिथून आले की मला माझ्या आईकडे बघवत नाही." तिच्यावर ताई रागावल्या नाहीत. तशा त्या कुणावरच रागवत नसत, आणि तोच त्यांचा दोष होता असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं होतं.

सगळ्यात आधी सुटला तो बँकेतला कारकून. हसरा, बोलका माणूस. तो दर गुरुवारी चार वाजता नकाशावाल्या आजींकडे जायचा. आजींनी तीस वर्षं मोजणी खात्यात बसून नकाशे काढले होते. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांमुळे आजी सहा वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. कारकून यायचा थांबला तशा तिसऱ्या गुरुवारी ताई स्वतः गेल्या. आजींनी दारातच विचारलं, "आणि आमचा बँकवाला?"

"तो येणार नाही," एवढंच सांगायचं होतं. पण आजींच्या मागे दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या दिसल्या, आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "परगावी गेलाय, आजी. कामासाठी."

"असं होय," आजी म्हणाल्या. "त्याची छत्री राहिलीय इथे. आल्यावर नेईल."

ते वाक्य इतकं सोयीचं निघालं की पुढे त्याचाच नियम झाला. स्वयंसेवक गळला की त्या घरी सांगायचं, परगावी गेलेत. कुणाला वाटायला नको की आपण नकोसे झालो. ताईंनी ते चांगल्या मनाने केलं, पण चांगल्या मनाने केलेली चूक जास्त दिवस टिकते. ज्यांची माणसं परगावी गेली होती ती म्हातारी मंडळी नव्या माणसाला घरात रुळू देईनात. 'आमचे ते आले की बघू,' म्हणत. नवा माणूस दोनदा अवघडून बसायचा आणि मग तोही परगावी जायचा.

मग त्या घरी ताईच जाऊ लागल्या. त्यांना कुणी नाही म्हणत नसे.

भेटींची एक वही होती. तिच्यात तीनच रकाने: तारीख, घर, आणि भेट झाली की नाही. कोण गेलं हा रकाना ताईंनी मुद्दामच आखला नव्हता. 'ज्याला सोबत हवी त्याला ती मिळाली का, एवढंच बघायचं. कुणी दिली याची कशाला फुशारकी,' असं त्या म्हणायच्या. त्यामुळे वहीत पानामागून पान बरोबरच्या खुणांनी भरत गेलं. एकतीस घरं, एकही खाडा नाही. यंदा त्यांतल्या नऊ घरी स्वयंसेवक जात होते, आणि उरलेल्या बावीस घरी ताई.

रोज चार-पाच घरं, त्यांचे जिने, आणि उरलेलं टायपिंग घरी आणून जेवणाच्या टेबलावर. ताई आता एकसष्ट वर्षांच्या होत्या. उजवा गुडघा संध्याकाळी नारळाएवढा व्हायचा.

"माझंही नाव घाल त्या यादीत," यजमान म्हणायचे. "आठवड्यातून एक तास. मीसुद्धा म्हाताराच आहे."

"तुम्हाला बाहेर पडता येतं. नियमात बसत नाही."

"मग पाय मोडून घेतो."

"घ्या. कुबडी संस्थेची देते."

असं हसण्यावारी जायचं. डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. जिने बंद, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहूनच दिलं. ती चिठ्ठी ताईंनी वहीत खूण म्हणून घातली.

वार्षिक सभा झाली ती बाहेरच्या खोलीत. कार्यकारिणीचे सात जण होते, आणि अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त इंजिनियर, सज्जन आणि नीटनेटके. त्यांनी ताईंची वही चाळली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वर्षभरात एकही भेट चुकलेली नाही. याला म्हणतात घडी बसणं." टाळ्या वाजल्या. ताईंनी मान खाली घातली. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं, आणि पुढे तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

कारण अध्यक्ष पुढे म्हणाले, "आता हे आपोआप चालतंय. मग ताईंना त्यात अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. खाली नवीन चौकशी खिडकी उघडतोय, तिथे त्यांना बसवू. दहा ते सहा, खुर्चीवर. पायालाही आराम. स्वयंसेवक आपसांत फोनवर ठरवतील."

ताई उभ्या राहिल्या. "आपोआप नाही चालत, साहेब."

"म्हणजे?"

"बावीस घरी मी जाते."

चिटणीसबाईंनी वही ओढून घेतली. "मग या खुणा?"

"भेट झाली म्हणून केल्या. भेट झालीच आहे."

"पण स्वयंसेवक कुठे आहेत?"

"नऊ आहेत."

"ताई," चिटणीसबाई सावकाश म्हणाल्या, जशा समजूतदार बाई मुलाची चोरी पकडल्यावर बोलतात, "मग हा स्वयंसेवकांचा उपक्रम नाहीच. तुम्ही एकट्या लोकांकडे जाता. तुम्ही उद्या पडलात तर?"

डॉक्टरांची चिठ्ठी त्याच वहीत होती, आणि ती बाईंच्या हाताला लागली होती.

अध्यक्ष कळवळ्याने म्हणाले, "अहो, एकदा सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"माणसं शोधली असती."

"ते माझंच काम होतं, साहेब," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कुणी वाईट नव्हतं. नऊ जणांनी हवं तर आपापलं चालू ठेवावं, बाकीचा उपक्रम महिनाअखेर बंद करावा, असं ठरलं. ताईंनी एवढंच मागून घेतलं की महिनाअखेरपर्यंत माणसं मिळाली तर पुन्हा विचार व्हावा. "अवश्य," अध्यक्ष म्हणाले.

तीन आठवडे उरले होते. ताईंनी जुनी यादी काढली आणि सगळ्यांना फोन लावले. अर्ध्याहून अधिक नंबर बदललेले. जे लागले ते सगळे गोड बोलले. "ताई, तुम्ही अजून तेच करता? कमाल आहे तुमची." चार जण 'बघतो' म्हणाले. ताईंना 'बघतो'चा अर्थ चांगला ठाऊक होता, तरी त्यांनी त्या चौघांच्या नावांपुढे बारीक ठिपका दिला.

बँकेतला कारकून आता कुठल्याशा शाखेत अधिकारी झाला होता. त्याने आवाज लगेच ओळखला.

"नकाशावाल्या आजी आहेत अजून?" त्याने विचारलं.

"आहेत. गुरुवारी चारला दार उघडून बसतात."

"माझी आठवण काढतात?"

"दर वेळी. मी सांगते, परगावी गेलाय."

"म्हणजे दहा वर्षं मी परगावीच आहे?"

"हो."

"ताई, सोडलं म्हणून सांगितलं असतंत, तर आलो असतो कधीतरी. माफी मागितली असती, त्यांनी चार शब्द सुनावले असते, संपलं असतं. आता कुठल्या तोंडाने जाऊ? कुठलं गाव सांगू?" मग हळूच म्हणाला, "चालू ठेवा तेच. आता परगावीच बरा."

ताईंनी रिसीव्हर ठेवला. आपण म्हाताऱ्यांच्या मनाला जपायला एक भिंत बांधली, आणि परत येऊ बघणाऱ्यासाठी तिला दारच ठेवलं नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्यांनी यादीतले आणखी अकरा फोन केले, पण ते केवळ यादी पुरी करायची म्हणून.

शेवटच्या आठवड्यात बावीस घरी निरोप सांगायचा होता. खरं सांगायचं, असं ठरवूनच त्या निघायच्या. पहिल्याच घरी एका आजोबांनी त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांमधली कोडी कापून ठेवली होती, 'पुढच्या खेपेला सोडवू' म्हणून. ताईंनी कात्रणं पर्समध्ये घातली आणि म्हणाल्या, "मी जरा परगावी चाललेय." एकवीस घरी असंच झालं. नकाशावाल्या आजी त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या. निदान तिथे तरी खोटं बोलायचं नाही.

गुरुवारी चार वाजता त्या चौथ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा कठडा धरून त्यांना दोन मिनिटं उभं राहावं लागलं. दार उघडं होतंच. खुर्च्या समोरासमोर होत्या. दारामागे खुंटीला काळी छत्री होती. तिच्यावर धूळ नव्हती. आजी दर बुधवारी ती पुसत.

"बस," आजी म्हणाल्या. "गुडघा कसाय?"

"ठीक."

"खोटं. जिन्यावर दोन मिनिटं थांबलीस. मी मोजत होते."

तासभर त्या बोलल्या. आजींनी एका नदीची गोष्ट सांगितली. तिने पात्र बदललं आणि आजींचा चार महिन्यांचा नकाशा वाया गेला. साहेब म्हणाले होते, नदीला आधी कळवायला सांगा. ही गोष्ट ताईंनी चाळीसदा ऐकली होती. त्या चाळीसदा जिथे हसल्या होत्या तिथेच हसल्या.

पाच वाजले. ताईंनी पदर सावरला. "आजी, एक सांगायचंय."

"सांग."

ताईंनी तोंड उघडलं. समोर आजी, त्यांच्या मांडीवर घडी घातलेले दोन हात, पलीकडे ती छत्री. "मी जरा परगावी चाललेय," ताई म्हणाल्या.

आजींनी मान हलवली, जशी एखाद्या उत्तरपत्रिकेवर हलवावी.

"मी तीस वर्षं नकाशे काढले, ताई. वाड्यावस्त्यासुद्धा सोडल्या नाहीत. पण हे तुमचं परगाव कुठे मला सापडलं नाही. गाव मोठं असणार. माझा बँकवाला तिथेच, ती चष्मेवाली मुलगी तिथेच, तो शिंकणारा मास्तर तिथेच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग दर गुरुवारी विचारत का होतात?"

"तुला सांगायला बरं वाटायचं म्हणून." आजी थोडं हसल्या. "तू तेवढी येत होतीस. म्हटलं, हिला खोटं पाडलं तर हीही जाईल."

"रविवारी वगैरे..." ताईंनी सुरुवात केली.

"रविवारी येईन म्हणू नकोस. तेही सगळे म्हणाले होते. आणि तुझा तो गुडघा. तुझ्या बाकीच्या घरांनी काय घोडं मारलंय मग?" आजी भिंतीला धरून उठल्या, खुंटीवरून छत्री काढली. "ही घेऊन जा. तिकडेच निघालीस, तर त्याची त्याला दे."

ताईंनी छत्री घेतली. "वहीत खूण कर," आजी म्हणाल्या. "भेट झाली." ताईंनी उभ्या उभ्याच खूण केली. ती वाकडी आली.

जाणाऱ्याच्या पाठीवर कडी लावू नये, अशी आजींची रीत होती. ताईंची पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत त्या दार उघडं ठेवत, आणि ताईंना ते ठाऊक असल्याने उतरताना कधी एकटं वाटत नसे.

त्या एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने छत्री धरून उतरू लागल्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचल्या असतील, तेवढ्यात वर कडी लागल्याचा आवाज आला.